राउटरचं वायफाय मेलंय, लॅन जिवंत आहे. आईबाबांचे फोन नेटवर आणायचे कसे?

सड्यावरची | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते, म्हणजे "हे करून पाहिलं का" वाचेल.

मी पुण्यात, आईबाबा राजापूर तालुक्यात. घर खाडीकडच्या उतारावर, दीड फुटी चिऱ्याच्या भिंती. मोबाइलची रेंज म्हणाल तर ओटीच्या खिडकीत एखादी दांडी. बोलणं होतं, नेट नाही. नेटसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, जावं लागतं (माझं इथलं नाव त्यावरूनच). दोन वर्षांपूर्वी फायबर आलं आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या पांढऱ्या डबीवर गेलं: नातवाचा व्हिडिओ कॉल, गॅसचं बुकिंग, आईचा दुपारी चारचा भजनाचा ऑनलाइन क्लास.

परवा वीज कडाडली, लाईट गेली, परत आली आणि तेव्हापासून वायफायचं नाव कुठल्याच फोनवर दिसत नाही. तक्रार नोंदवली, "आठ दिवसांत माणूस येईल" असं उत्तर मिळालं. गंमत म्हणजे भाच्याचा जुना डेस्कटॉप त्याच डबीला लॅनच्या वायरने जोडलेला आहे आणि त्यावर नेट व्यवस्थित चालतंय! पण त्याला ना कॅमेरा, ना माइक, ना स्वतःचं वायफाय.

म्हणजे नेट घरात आहे, फोनपर्यंत पोचत नाही. आठ दिवस काढायला काही जुगाड? मी जाऊ शकत नाही, जे काही होईल ते फोनवर आईला सांगून. आई ६९ची, चिकाटी भरपूर. बाबा ७४चे, चिकाटी नाही.

निवांतराव | रविवार, रात्री ९.२५

आधी सगळ्यात साधं. बऱ्याच डब्यांच्या कडेला वायफाय चालू-बंद करायचं बारीक बटण असतं, डब्ल्यूलॅन असं लिहिलेलं. लाईट गेल्यावर कुणीतरी डबी उचलून, पुसून, हलवून पाहतं आणि अंगठा नेमका त्यावर पडतो. आमच्याकडे बायकोने फडकं मारलं आणि मी दीड दिवस कंपनीला शिव्या घातल्या.

सड्यावरची | रविवार, रात्री ९.५०

पाहिलं. बटण आहे. दाबलं, पाच सेकंद धरून पाहिलं, डबी बंद करून चालू केली. पॉवर हिरवा, पॉन हिरवा, लॉसचा लाल दिवा नाही (म्हणजे फायबर शाबूत), लॅन लुकलुकतोय. डब्ल्यूलॅन काळाठिक्कर.

तारकामगार | रविवार, रात्री १०.०५

मग वायफायचा भाग गेला असं धरून चला. फायबर काचेची तार आहे, तिच्यातून वीज येत नाही. धक्का आला तो अ‍ॅडॉप्टरकडून. लॅन वाचलं हे नशीब, बहुतेक वेळा तेच आधी जातं. पावसाळाभर कडकडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढायची सवय लावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता मार्ग. डेस्कटॉपमध्ये यूएसबीचं वायफाय डोंगल घातलं तर विंडोज १० पासून 'मोबाइल हॉटस्पॉट' नावाची सोय आहे. लॅनवरचं नेट वायफायने वाटायचं, आठ उपकरणांपर्यंत. फक्त कुणी जोडलेलं नसलं की ते थोड्या वेळाने आपोआप बंद पडतं. तिथेच पॉवर सेव्हिंगचा पर्याय असतो, तो काढून टाकायचा.

कोरडा_पाऊस | रविवार, रात्री १०.११

एवढा खटाटोप कशाला? एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, दुसरा त्याला जोडा. संपलं.

सड्यावरची | रविवार, रात्री १०.१४

अहो, पहिल्या फोनला तरी नेट कुठून आणू? तोच तर प्रश्न आहे.

कोरडा_पाऊस | रविवार, रात्री १०.१५

सॉरी, दुसरा परिच्छेद वाचला नव्हता. :)

पडवी | रविवार, रात्री १०.४०

डोंगल मिळेपर्यंत आठ दिवस होतील. माझ्याकडे वेगळा उपाय आहे, मी रोज वापरते. टाइप-सीला लागणारं लॅनचं अ‍ॅडॉप्टर. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला राउटरची वायर. बहुतेक अँड्रॉइड फोन काही सेटिंग न मागता ते ओळखतात, वर दोन कंसांमध्ये ठिपक्यांसारखं चिन्ह येतं आणि नेट सुरू.

दोन खोड्या सांगून ठेवते. काही फोनमध्ये 'ओटीजी' नावाचं बटण सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसेल तर ते स्वतःच बंद होतं. मग माणूस अ‍ॅडॉप्टरला दोष देतो. दुसरी, तेवढा वेळ फोन चार्ज होत नाही, उलट अ‍ॅडॉप्टर फोनचीच बॅटरी खातं. चार्जिंगचं भोक असलेलं मिळतं, थोडं महाग.

आणि माझ्या फोनवर तरी एक भारी गोष्ट चालते: वायरने नेट आलं की त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू करता येतो. फोनच राउटर! तुमच्या फोनवर चालेल याची हमी नाही.

उसगावची_मावशी | सोमवार, सकाळी ७.३०

आयपॅड टाइप-सीवाला असेल तर हेच अ‍ॅडॉप्टर त्यालाही चालतं. माझ्या मुलीच्या होस्टेलवर वायफाय बेभरवशाचं आहे, ती परीक्षेच्या दिवशी सरळ वायर लावते.

माझा एक प्रश्न इथेच विचारून घेऊ का? प्रवासात आयफोनचा हॉटस्पॉट यांच्या जुन्या टॅबला दिसतच नाही. माझ्या लॅपटॉपला दिसतो.

तारकामगार | सोमवार, सकाळी ८.०५

मावशी, टॅब २.४ गिगाहर्ट्झवाला असणार आणि आयफोन ५वर बोलतोय. हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' असं एक बटण असतं (आयफोन १२ पासून पुढे), ते चालू करा. वेग थोडा उतरेल, टॅबला नाव दिसेल. आणि जोडणी होईपर्यंत ते पान उघडंच ठेवा. पान मिटलं, फोन खिशात गेला की काही वेळात आयफोन आरोळी मारायची बंद करतो.

उसगावची_मावशी | सोमवार, सकाळी ८.४०

दिसला! तीन महिने हे मला म्हणत होते की टॅब म्हातारा झाला.

बारा_व्होल्ट | सोमवार, दुपारी १२.२०

सड्यावरची, डेस्कटॉपवरून फोनला थेट यूएसबीने नेट देता येतं. नेहमीच्या टेदरिंगच्या (फोनचं नेट संगणकाला देण्याच्या) उलट. त्याचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ग्निरेहटेट. नाव विचित्र वाटेल, इंग्रजीतला टेदरिंग शब्द उलटा लिहिलाय. फोन रूट करावा लागत नाही, ते फोनवर व्हीपीएन असल्याचं भासवतं आणि सगळी वाहतूक केबलने संगणकाकडे वळवतं.

पण खरं सांगू का, फोनवरून आईंना हे सांगू नका. डेव्हलपर ऑप्शन उघडा, त्यासाठी बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा, मग संगणकावर काळ्या खिडकीत आज्ञा द्या... आणि डीबगिंग चालू दिसलं की काही बँकांची अ‍ॅप उघडायलाच नकार देतात. मग तुम्ही नेट दुरुस्त करायला गेलात आणि पेन्शनचं अ‍ॅप बंद पाडलंत असं व्हायचं.

त्यापेक्षा मला एक सांगा: घरात पूर्वी लँडलाइनचं ब्रॉडबँड होतं का? त्याचा मोडेम कुठे आहे?

सड्यावरची | सोमवार, दुपारी १.०५

होता! काळा, एका अँटेनाचा. आमच्याकडे काहीही फेकत नाहीत, माळ्यावर असणार. पण तो टेलिफोनच्या वायरचा. फायबरला काय कामाचा?

बारा_व्होल्ट | सोमवार, दुपारी १.३०

टेलिफोनचा भाग विसरा. त्या डब्यात तीन वस्तू एकत्र असतात: मोडेम, पत्ते वाटणारा कारकून (घरातल्या प्रत्येक फोनला, संगणकाला आयपी पत्ता देणारा) आणि वायफाय. आपल्याला फक्त वायफाय हवंय. कारकुनाला सुट्टी द्यायची, कारण पत्ते वाटायला पांढरी डबी समर्थ आहे. एका घरात दोन कारकून पत्ते वाटायला लागले की कुणाचंच टपाल कुणाला मिळत नाही.

माळ्यावरून काढल्यावर आधी अ‍ॅडॉप्टर बघा. डब्याच्या पाठीवर किती व्होल्ट लिहिलेत तेवढेच अ‍ॅडॉप्टरवर हवेत, ९ म्हणजे ९, १२ म्हणजे १२. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर "भोकात बसतोय" म्हणून लावू नका.

सड्यावरची | सोमवार, संध्याकाळी ६.४५

सापडला. अ‍ॅडॉप्टर त्यालाच रबरबँडने बांधलेला, रबरबँड वितळून वायरला चिकटलेलं. आईने रॉकेलच्या बोळ्याने पुसलं (चालू करायच्या आधी, सुकवून). ९ व्होल्ट दोन्हीकडे. दिवे लागले! खोक्यात हातभर पिवळी लॅनची वायरही निघाली. पुढे?

बारा_व्होल्ट | सोमवार, संध्याकाळी ७.२०

झकास. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो. पिवळी वायर अजून लावायची नाही.

जुन्या डब्याच्या मागे सुईच्या भोकाएवढं रिसेट असतं. डबा चालू असताना पिनेने दहा सेकंद दाबून धरायचं, मग दोन मिनिटं हात लावायचा नाही. जुने पासवर्ड गेले. आता पोटावरच्या स्टिकरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड आहे, त्याने आईंच्या फोनवरून जोडायचं. फोन कुरकुर करेल, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, सोडू का?" नाही म्हणायचं, जोडलेलं राहू द्यायचं. आणि मोबाइल डेटा बंद. हे विसरलात तर फोन शहाणपणा करून मोबाइलच्या वाटेने जाईल आणि राउटरचं पान जन्मात उघडणार नाही.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (काही डब्यांत शेवटून दुसरा आकडा शून्य असतो, स्टिकरवर बघा). नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. आत 'लॅन' नावाचं पान शोधायचं. तिथे एकाच पानावर दोन बदल: डब्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, आणि डीएचसीपी (म्हणजे तो पत्ते वाटणारा कारकून) बंद. दोन्ही करून एकदाच सेव्ह. आधी डीएचसीपी बंद करून सेव्ह केलंत तर पुन्हा आत शिरायला त्रास होईल.

पत्ता बदलायचा कारण तुमची पांढरी डबी बहुधा स्वतःच १.१ वर बसलेली आहे. एका दारावर दोन पाट्या नकोत.

वायफायचं नाव-पासवर्ड बदलणार असाल तर ते लॅनच्या पानाआधी. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. टीकेआयपी ठेवलंत तर वेग ५४ मेगाबिटवर अडकतो आणि नवे फोन "कमकुवत सुरक्षा" म्हणून भुणभुण करतात.

पडवी | सोमवार, संध्याकाळी ७.३५

दोन फोन वापरा. बाबांचा ओटीच्या खिडकीत स्पीकरवर, तुमच्याशी बोलायला. आईंचा फक्त राउटरसाठी. एकाच फोनवर बोलत-बोलत ब्राउझर शोधायला सांगितलं की माझी आई हमखास कॉल कापते.

सड्यावरची | सोमवार, रात्री १०.३०

सव्वा तास! अहवाल देते.

दोन फोनची युक्ती लाख मोलाची. बाबा खिडकीशी फोन धरून उभे, आई आत बाकावर. मी बोलणार, बाबा ते ओरडून आत सांगणार, आई ओरडून बाहेर उत्तर देणार, बाबा ते स्वतःच्या शब्दांत मला. "ती म्हणते नाही होत" एवढंच वीस मिनिटं.

पान उघडेना. डेटा बंद, वायफाय जोडलेलं, तरी उघडेना. शेवटी म्हटलं, वरच्या पट्टीत काय दिसतंय ते एकेक अक्षर वाच. आई वाचते, "एक नऊ दोन टिंब एक सहा आठ..." सगळं बरोबर! मग बाबांनी आत जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हिचे आकडे मराठीत आहेत." कीबोर्ड मराठी, आकडे देवनागरी. ब्राउझरला १९२ कळतच नव्हतं. इंग्रजी आकडे घातल्यावर पहिल्या फटक्यात उघडलं.

लॅनचं पान झालं. सेव्ह झालं. पिवळी वायर लावली. आता आईचा फोन "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" वर अडकलाय. आज बास, बाबा झोपायला गेले.

निवांतराव | सोमवार, रात्री १०.४१

देवनागरी आकडे! नोकरीत सत्तावीस वर्षं राउटर लावले, हे डोक्यात आलं नसतं.

तारकामगार | सोमवार, रात्री ११.००

पिवळी वायर कुठल्या भोकात आहे? तुमच्या त्या डब्याला एक बारकं भोक टेलिफोनचं आणि बाकी लॅनची. वायर पांढऱ्या डबीच्या लॅनमधून काळ्याच्या लॅनमध्ये हवी. आणि वायर खोचल्यावर टिक असा आवाज आला पाहिजे. जुन्या वायरींची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असते, ती बसल्यासारखी दिसते पण बसत नाही.

बारा_व्होल्ट | सोमवार, रात्री ११.१०

+१. आणि वायर लावल्यावर दोन्ही डब्यांवर त्या-त्या क्रमांकाचा लॅनचा दिवा लागला पाहिजे. नसेल लागत तर आधी भोक बदला, मग वायर. सेटिंगला हात लावू नका, ती बरोबर आहेत.

मुक्कामपोस्ट | मंगळवार, सकाळी ९.५०

अवांतर होतंय, पण धागा जोडणीचाच आहे म्हणून. वडील रुग्णालयात आहेत. तिथलं मोफत वायफाय जोडलं जातं, पण मोबाइल नंबर टाकायचं पानच येत नाही. आणि आलं तरी तळघरातल्या त्या खोलीत ओटीपी यायला रेंज नाही.

पडवी | मंगळवार, सकाळी १०.१५

वडिलांना आराम पडो. पान येत नसेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे का बघा. जाहिराती अडवायला कुणी त्यात काही घालून ठेवलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करा. व्हीपीएन असेल तर बंद करा. मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. त्या साइटचं कामच एवढं की कुलूप नसलेलं पान उघडायचं, म्हणजे वायफायवाल्यांना मध्ये स्वतःचं पान घुसवता येतं.

ओटीपीसाठी वर तळमजल्यावर जाऊन पान भरा आणि मग खाली या, बहुतेक ठिकाणी काही तास चालतं. एकदा आत शिरलात की फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, मग रेंज नसली तरी तळघरात कॉल येतील, बहुतेकदा पुढचे ओटीपीही.

मुक्कामपोस्ट | मंगळवार, सकाळी ११.४०

प्रायव्हेट डीएनएसच होतं. धन्यवाद, मनापासून.

कोरडा_पाऊस | मंगळवार, दुपारी १२.३०

यावेळी सगळं वाचून लिहितोय. ब्लूटूथ टेदरिंगचं कुणीच बोललं नाही. माझ्या जुन्या फोनचं वायफाय मेलंय, त्याला मी नव्या फोनचं नेट ब्लूटूथने देतो. नव्यात 'ब्लूटूथ टेदरिंग' चालू, जुन्यात जोडलेल्या उपकरणाच्या नावापुढच्या चाकावर जाऊन 'इंटरनेट अ‍ॅक्सेस' चालू. वेग फार तर एक-दोन मेगाबिट. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, यूपीआय, रेल्वेचं तिकीट होतं. व्हिडिओ विसरा. पण हॉटस्पॉटसारखा फोन तापत नाही आणि बॅटरी दिवसभर पुरते.

तारकामगार | मंगळवार, दुपारी १२.५०

तुम्ही रविवारची भरपाई केलीत. :) एक जोड: हॉटस्पॉट जोडला जातो पण नेट येत नाही, अशी तक्रार असली तर देणाऱ्या फोनवर 'डेटा सेव्हर' बघायचं. काही फोनवर ते चालू असलं की हॉटस्पॉट गप्प बसतो.

सड्यावरची | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

चाललं!!

वायर पहिल्या भोकात होती, टिक आवाजही आला होता, पण काळ्यावर दिवा नव्हता. आईने दुसऱ्या भोकात घातली आणि दिवा लागला. पहिलं भोक मेलेलं. आईचा फोन आपोआप जोडला गेला, पाठोपाठ बाबांचा. चारचा भजनाचा क्लास पूर्ण झाला, मध्ये एकदाही तुटला नाही. क्लासमध्ये आईने सगळ्यांना सांगितलं म्हणे की नेट तिने लावलंय. माझं नाव नाही, बारा_व्होल्ट यांचं तर नाहीच.

रात्री लाईट जाऊन आली तर काय, म्हणून तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय: "आधी पांढरा. दोन मिनिटं थांबणे. मग काळा." बाबा दोन्ही एकदम लावतात म्हणून.

निवांतराव | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

आईंना इथे सदस्यत्व द्या. वाचनखूण साठवली.

बारा_व्होल्ट | मंगळवार, संध्याकाळी ६.००

क्रम बरोबर लिहिलाय त्यांनी. काळा आधी उठला तर फोन त्याला जाऊन चिकटतात, पत्ता द्यायला पांढरा जागा नसतो आणि मग "इंटरनेट नाही" दाखवत बसतात. तसं झालंच तर फोनचं वायफाय एकदा बंद-चालू, बाकी काही नाही.

सड्यावरची | पुढच्या सोमवारी, दुपारी ३.२०

धागा वर काढते. माणूस आला, नवी डबी लावून गेला, वायफाय आलं. त्याने काळा डबा "आता काढून टाका" म्हटलं, आईने नाही म्हटलं. तिचं म्हणणं, मागच्या पडवीत, जिथे ती दुपारी निवडत-टिपत बसते, तिथे दोन भिंतींपलीकडून वायफाय कधीच आलं नाही. काळा तिथे ठेवायचा. बाबा तालुक्याहून पंधरा मीटर लॅनची वायर घेऊन आलेत. दोन्हींना एकच नाव ठेवू की वेगवेगळं?

बारा_व्होल्ट | सोमवार, दुपारी ४.०५

पंधरा मीटर आरामात चालते, शंभरपर्यंत काळजी नको. नाव आणि पासवर्ड दोन्हींचं एकच ठेवा, अक्षरही इकडचं तिकडे नको, म्हणजे ओटीवरून पडवीत जाताना फोन आपला आपण बदलेल. चॅनल मात्र वेगळे, पांढऱ्याला १, काळ्याला ११. नवी डबी १.१ वरच आहे ना ते एकदा बघून घ्या. आणि वायर दुसऱ्या भोकात.